पिसाचे ससे आणि पाटणच्या मात्रा

पिसाच्या त्या प्रसिद्ध हिरवळीवर सकाळी दहा वाजता साधारण दोनशे माणसं हवेत हात पुढे करून उभी असतात. कुणी मनोरा ढकलतोय, कुणी सावरतोय, एक आजोबा तर पाय वर करून मनोऱ्याला लाथ मारत होते आणि आजीबाई फोन आडवा धरून "जरा डावीकडे, डावीकडे" करत होत्या. मनोरा बाकी छान आहे. फोटोत दिसतो त्यापेक्षा पांढरा आणि त्याहून जास्त कललेला. तो पडू नये म्हणून 1999 ते 2001 दरम्यान उत्तरेकडच्या बाजूची माती थोडी थोडी काढून घेतली आणि कल साडेपाच अंशांवरून चारच्या आसपास आणला, हे आमच्या घरातल्या सिव्हिल इंजिनिअरने सगळ्यांना दोनदा सांगितलं.

आम्ही चौघं होतो. मी, नवरा, चौदा वर्षांची लेक आणि सांगलीहून तीन महिन्यांसाठी आलेली माझी आई. आईने हायस्कूलमध्ये एकतीस वर्षं मराठी शिकवलं. मँचेस्टरहून पिसाला थेट विमान जातं, तिकीट स्वस्त मिळालं आणि लेकीला शाळेतल्या एका प्रकल्पासाठी एखाद्या गणितज्ञावर बोलायचं होतं, अशा तीन कारणांनी ही सहल ठरली. तिने निवडलेला गणितज्ञ होता लिओनार्दो फिबोनाची. त्यामुळे ज्या मनोऱ्यासाठी जग पिसाला जातं त्याच्याकडे अर्ध्या तासात पाठ फिरवून आम्ही हिरवळीच्या उत्तरेच्या लांबलचक पांढऱ्या भिंतीकडे वळलो.

त्या भिंतीमागे काम्पोसांतो आहे, म्हणजे जुनं दफनस्थान. गोल्गोथाच्या टेकडीवरची पवित्र माती जहाजांतून आणून इथे पसरली अशी आख्यायिका आहे. मधे मोकळं अंगण आणि चारही बाजूंना कमानींच्या ओवऱ्या. बाहेरचा गोंगाट आत आल्यावर एकदम तुटतो. 27 जुलै 1944 रोजी तोफेचा गोळा पडून इथलं लाकडी छत पेटलं, छतावरचं शिसं वितळून भिंतींवरून ओघळलं आणि शेकडो वर्षांची भित्तिचित्रं गेली. जी वाचली ती दुरुस्त करून भिंतीवर परत लावण्याचं काम त्यानंतर सत्तर वर्षांहून अधिक काळ चाललं. या ओवरीतच एका बाजूला फिबोनाचीचा पुतळा आहे. संगमरवरी, पायघोळ झगा, डोक्याला टोपडं, चेहरा विचारात पडलेला. जोव्हान्नी पागानुची या शिल्पकाराने तो 1863 मध्ये घडवला, म्हणजे ज्याचा पुतळा तो माणूस जाऊन सहाशे वर्षं उलटल्यावर. लिओनार्दो दिसायला कसा होता हे कुणालाच ठाऊक नसल्यामुळे शिल्पकाराने एक शहाणा माणूस घडवला आणि खाली नाव घातलं. आपल्याकडच्या कित्येक संतांच्या तसबिरींचं असंच आहे.

आमच्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. एक जपानी जोडपं आलं, त्यांनी नाव वाचलं, आणि मुलीने हवेत बोटाने एक वळण काढून दाखवलं. गोगलगाईच्या शंखासारखं. जगभर फिबोनाचीची ओळख म्हणजे ते वळण. गंमत म्हणजे ते वळण त्याने कधी काढलंच नाही आणि फिबोनाची हे नावही त्याचं नव्हे. तो स्वतःला पिसाचा लिओनार्दो, बोनाचीच्या घराण्यातला, असं लिहायचा. त्याचं फिबोनाची केलं ते एकोणिसाव्या शतकातल्या इतिहासकारांनी. आणि 1, 1, 2, 3, 5, 8, 13 या मालिकेला त्याचं नाव दिलं ते एदुआर लुका या फ्रेंच गणितज्ञाने, 1870 च्या दशकात.

मग त्याने केलं काय? माझ्या मते त्याचं खरं काम मालिकेपेक्षा कितीतरी मोठं आहे आणि त्यात आपला, म्हणजे भारताचा, थेट संबंध आहे. त्याचे वडील पिसाच्या व्यापाऱ्यांच्या वतीने उत्तर आफ्रिकेतल्या बुजिया बंदरात जकातीचं काम पाहत. आज ते गाव अल्जीरियात आहे, बेजाया नावाने. हिशेब शिकावा म्हणून त्यांनी मुलाला तिकडे बोलावून घेतलं. तिथे त्याने अरबांकडून भारतीय अंक शिकले, आणि मग इजिप्त, सीरिया, ग्रीस, सिसिली, प्रोव्हान्स असा व्यापारानिमित्त हिंडत राहिला. 1202 मध्ये त्याने 'लिबेर अबाची' हा ग्रंथ लिहिला. त्याची सुरुवातच अशी आहे की भारतीयांचे नऊ आकडे हे आहेत, आणि या नऊ आकड्यांना अरबांच्या भाषेतल्या झेफिरम या चिन्हाची जोड दिली की कोणतीही संख्या लिहिता येते. शून्याचं अरबीत सिफ्र झालं, सिफ्रचं लॅटिनमध्ये झेफिरम, आणि झेफिरमचं पुढे झीरो. तोवर युरोप रोमन आकड्यांत लिहीत होता आणि मोजपाटावर खडे सरकवून हिशेब करत होता. ग्रंथात भावफळ, भागीदारी, चलनांची अदलाबदल, मिऱ्यांचे नि लोकरीचे सौदे अशी शेकडो गणितं आहेत. थोडक्यात, आपल्या अंकगणिताच्या पुस्तकाचा युरोपातला पूर्वज.

लोकांनी ते लगेच उचललं असं मात्र नाही. 1299 मध्ये शेजारच्या फ्लोरेन्समधल्या सराफांच्या संघाने हिशेबाच्या वह्यांत हे नवे आकडे वापरायला बंदी घातली. शून्याला शेपूट काढलं की सहा किंवा नऊ होतो, मग फसवाफसवीला आयतीच सोय, अशी भीती सांगतात. हे ऐकून आईला आठवलं की आपण चेकवर रक्कम अक्षरीसुद्धा लिहितो ती याचसाठी.

सशांचं गणित या जाडजूड ग्रंथात बाराव्या प्रकरणात कुठेतरी मधेच येतं. एका माणसाने सशांची एक जोडी चारी बाजूंनी बंद जागेत ठेवली. प्रत्येक जोडी दर महिन्याला नवी जोडी देते, आणि नवी जोडी जन्मल्यापासून दुसऱ्या महिन्यात विणारी होते. तर वर्षाअखेर किती जोड्या? उत्तर 377. फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयात असलेल्या हस्तलिखितात समासामध्ये हे आकडे एकाखाली एक उतरवलेले आहेत. त्याने एका वाक्यात सांगितलं की शेवटचे दोन आकडे मिळवत जा आणि असं कितीही महिने करता येईल. मग तो पुढच्या गणिताकडे वळला. ना सुवर्ण गुणोत्तर, ना सूर्यफूल, ना शंख.

पुतळ्यासमोर उभं राहून लेक हे सगळं आजीला सांगत होती. तिचं मराठी घरापुरतं ठीक आहे, पण अशा विषयात ते मधेमधे थांबतं आणि मग इंग्रजी शब्दांचे ठिगळ लागतात. आईचं इंग्रजी व्याकरणशुद्ध आणि सावकाश. दोघींचं एकमेकींवर प्रेम आहे यात शंका नाही, पण सहा आठवड्यांत त्यांचं बोलणं "जेवलीस का", "थंडी वाजतेय का", "फोन ठेव आता" यापलीकडे फारसं जात नव्हतं, हे मला रोज दिसत होतं.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पण हे तर आपलंच आहे. याच्या आधीपासून."

लेकीने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेचा अर्थ इथे वाढलेल्या मुलांच्या पालकांना समजावून सांगायला नको. विमानं आपली, प्लास्टिक सर्जरी आपली, अणुबाँब आपला, असे निरोप आपल्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटांवर रोज सकाळी गुड मॉर्निंगच्या फुलांसोबत येतात. मुलांनी त्यांवर एक कायमचा पडदा ओढून घेतला आहे. अडचण एवढीच, की या वेळी आई बरोबर होती.

"आजी, प्रूफ काय?" लेकीने विचारलं.

"चल, ऊन लागतंय. सावलीत बस, दाखवते."

ओवरीतल्या दगडी कट्ट्यावर बसून आईने पर्समधून विमानाच्या बोर्डिंग पासचा कागद काढला आणि वर्गात काढायची तशी दोन चिन्हं काढली. लघूची एक मात्रा, वरती अर्धचंद्र. गुरूच्या दोन, वरती आडवी रेघ. "आता मला सांग, तीन मात्रांचे शब्द किती तऱ्हेचे होतील?"

तिने टाळी वाजवून दाखवायला सुरुवात केली. कमल : लघु, लघु, लघु. रमा : लघु, गुरू. राम : गुरू, लघु. झाले तीन. लेकीने लगेच हरकत घेतली, की राम हा एकच सिलॅबल आहे, राम्. हरकत रास्त होती. आपण बोलताना शेवटचा अ गिळतो. "बोलताना गिळ, पण वृत्तात प्रत्येक अक्षर मोजायचं," आई म्हणाली. हा नियम आमच्याही वर्गात असाच सांगितला गेला होता आणि आम्हीही असेच भांडलो होतो.

मग चार मात्रा. गडबड, कमला, गणेश, सागर, सीता. पाच झाले. सहावा प्रकार शोधायला लेकीने बराच वेळ घालवला, पण तो नाहीच. एक मात्रा असेल तर एकच प्रकार, दोन असतील तर दोन, तीनला तीन, चारला पाच. पाच मात्रांना किती, हे ती मोजायच्या आधीच बोलली : "एट!" आणि मग थांबून, स्वतःशीच, "व्हाय?"

कारण सोपं आहे आणि सशांपेक्षा मला ते जास्त आवडतं. पाच मात्रांच्या कोणत्याही रचनेचं शेवटचं अक्षर एकतर लघु असणार नाहीतर गुरू. लघु असेल तर त्याच्याआधी चार मात्रा उरतात, त्यांचे प्रकार पाच. गुरू असेल तर आधी तीन उरतात, त्यांचे प्रकार तीन. पाच आणि तीन आठ. म्हणून प्रत्येक आकडा आधीच्या दोघांची बेरीज. इथे ससे मरत का नाहीत, एकाच पिढीतल्या भावाबहिणींचं काय, असले प्रश्न येत नाहीत.

हा नियम प्राकृतात छंदशास्त्र लिहिणाऱ्या विरहांकाने सहाव्या ते आठव्या शतकांच्या दरम्यान केव्हातरी स्पष्ट सांगितला. आणि 1150 च्या सुमारास आचार्य हेमचंद्राने 'छंदोनुशासना'त सांगितला. हेमचंद्र गुजरातमधल्या अणहिलवाड पाटणचा, सिद्धराज आणि कुमारपाल या राजांच्या दरबारातला जैन पंडित. पाटण म्हटलं की आपल्याला पटोला साडी आठवते. परमानंद सिंग या गणिताच्या अभ्यासकाने 1985 मध्ये हा सगळा इतिहास एका संशोधन नियतकालिकात नीट मांडला आणि आता पाश्चात्त्य पुस्तकांतही तो येतो. हेमचंद्राने लिहिलं तेव्हा लिओनार्दो जन्मलाही नव्हता. त्याचा जन्म साधारण 1170 चा.

इथे एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण व्हॉट्सॲपवरच्या निरोपात ती कधी येत नाही. लिओनार्दोने ही मालिका भारतातून घेतली याला पुरावा नाही. आकडे त्याने घेतले आणि ते भारतीयांचे आहेत हे पहिल्याच ओळीत मान्य केलं. मालिका त्याला स्वतंत्रपणे सुचली असेल, अरबांच्या एखाद्या पुस्तकात सशांचं कोडं आधीच असेल. छंदशास्त्र्यांना वृत्तांचे प्रकार मोजायचे होते, त्याला ससे मोजायचे होते, आणि दोन्ही वाटांवर एकच आकडे भेटले. "चोरलं म्हणू नकोस, आधी सापडलं म्हण," असं मी लेकीला सांगितलं. आईला ते थोडं पचायला जड गेलं. पण तिने कागद खाली ठेवला नाही. मराठीतलं पादाकुलक सोळा मात्रांचं. तर सोळा मात्रांची ओळ किती तऱ्हांनी बांधता येईल, हे दोघींनी मिळून कागदाच्या मागे बेरजा करत काढलं. उत्तर 1597. वाटेत तेराव्या पायरीला 377 आले, तेव्हा लेक ओरडली, "आजी, रॅबिट्स!" आणि पहारेकरी बाईंनी ओठांवर बोट ठेवलं.

दुपारी आर्नो नदीच्या दिशेने चालत निघालो. सान्ता मारिया रस्त्याच्या नदीकडच्या टोकाला सान निकोला नावाचं जुनं चर्च आहे. याचाही घंटामनोरा किंचित कललेला आहे, पण त्याला ढकलायला कुणी येत नाही. इथल्या एका दरवाज्यावरच्या अर्धगोलात संगमरवराचे तुकडे बसवून केलेली वर्तुळांची नक्षी आहे. काही वर्षांपूर्वी पिसा विद्यापीठातले भूशास्त्राचे प्राध्यापक पिएत्रो आर्मिएंती यांनी मांडलं, की जीर्णोद्धारात साफ झालेल्या या नक्षीतल्या वर्तुळांची मापं फिबोनाचीच्या आकड्यांच्या प्रमाणात आहेत. म्हणजे लिओनार्दोच्या शहराने त्याचं गणित दगडात कोरून ठेवलं. मी बराच वेळ मान वर करून पाहिलं. मोठ्या वर्तुळाभोवती लहान, त्यांच्यामध्ये आणखी लहान, रांगोळीतल्या ठिपक्यांसारखी. खरं असेल तर सुंदरच आहे. पण ज्याला शोधायचंच आहे त्याला पुष्कळ ठिकाणी पुष्कळ सापडतं, हेही मनात येत होतं.

चर्चजवळच एका टपरीवजा दुकानात चेचिना खाल्ली. चण्याचं पीठ, पाणी, मीठ आणि तेल एकत्र करून मोठ्या परातीत भट्टीत भाजतात आणि वर मिरपूड टाकून देतात. आईने पहिल्या घासालाच निकाल दिला : "बेसनाचा पोळा. ओवा हवा होता." लिओनार्दोच्या ग्रंथातला मिरीचा व्यापार कुठून कुठे आला, हे मला त्या मिरपुडीने आठवलं. नवऱ्याने तीन खाल्ल्या.

या शहराने लिओनार्दोला उतारवयात मान दिला, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. 1240 च्या सुमारास पिसाच्या प्रजासत्ताकाने ठराव करून त्याला वार्षिक मानधन बांधून दिलं, शहराला हिशेबात मदत केल्याबद्दल. त्यात त्याचा उल्लेख बिगोल्लो असा आहे. याचा अर्थ प्रवासी, भटक्या असाही लावतात आणि रिकामटेकडा असाही. त्याच्या हयातीत कलता मनोराही धड नव्हता. 1173 मध्ये सुरू झालेलं बांधकाम तिसऱ्या मजल्यावर कलल्यामुळे थांबलं आणि जवळजवळ शंभर वर्षं तसंच पडून राहिलं. म्हणजे ज्याला आपण पिसाची ओळख समजतो ते लिओनार्दोसाठी आयुष्यभर एक रखडलेलं सरकारी काम होतं.

दुसऱ्या दिवशी समुद्राच्या बाजूला सान रोस्सोरेच्या पाइनच्या जंगलात गेलो. छत्रीसारखे पसरलेले उंच पाइन, खाली सुयांचा जाड थर आणि सगळीकडे पडलेली पाइनची फळं. हातात घेऊन देठाच्या बाजूने पाहिलं की त्यांच्या खवल्यांच्या वळणदार रांगा दिसतात, काही उजवीकडे वळणाऱ्या, काही डावीकडे. लेकीने नेलपॉलिशने एकेक रांग रंगवत मोजलं. एका दिशेने 8, दुसऱ्या दिशेने 13. दुसरं फळ, पुन्हा 8 आणि 13. आईने चष्मा पुसून तिसरं मोजलं. "याला कुणी शिकवलं?" असं तिने त्या फळाकडे पाहून विचारलं.

प्रश्न योग्य आहे आणि उत्तर चमत्काराचं नाही. मालिकेतल्या कुठल्याही आकड्याला आधीच्या आकड्याने भागा : 8 भागिले 5 म्हणजे 1.6, 13 भागिले 8 म्हणजे 1.625, 34 भागिले 21 म्हणजे 1.619. हे भागाकार वरखाली होत 1.618 पाशी स्थिरावत जातात. केप्लरने 1611 मध्ये हे लिहून ठेवलं. हेच ते सुवर्ण गुणोत्तर. युक्लिडला ते सशांच्या दीड हजार वर्षं आधी माहीत होतं. पूर्ण वर्तुळाचे 360 अंश याच प्रमाणात वाटले तर लहान वाटा साधारण साडे 137 अंशांचा येतो. झाडाच्या शेंड्यावर नवा कोंब आधीच्या कोंबापासून बरेचदा इतक्याच कोनावर फुटतो. समजा तो बरोबर 120 अंशांवर फुटला असता, तर चौथा कोंब पहिल्याच्याच रांगेत आला असता, सगळे तीन रांगांत दाटले असते आणि मधली जागा वाया गेली असती. 1.618 ही अशी संख्या आहे की ती कुठल्याही साध्या अपूर्णांकाच्या नीट जवळ जात नाही. म्हणून त्या कोनाने फिरत राहिलं तर कुठलाच कोंब दुसऱ्याच्या बरोबर डोक्यावर येत नाही. झाडाला आकडेमोड येत नाही. नवा कोंब जुन्यांपासून दूर, मोकळी जागा असेल तिथे फुटतो एवढंच. लोकलच्या डब्यात चढणारा माणूस जसा उभं राहायला जागा शोधतो तसा.

याउलट शंखाची गोष्ट. दुकानात टी-शर्टवर नॉटिलसचा शंख आणि त्यावर सुवर्ण वळण छापलेलं होतं. नॉटिलसचं वळण खरंच सुंदर आणि गणिती आहे, पण ते हे नव्हे. त्याचा एक वेढा पूर्ण होताना त्रिज्या साधारण तिप्पट होते. सुवर्ण वळणात ती जवळजवळ सातपट व्हायला हवी. पार्थेनॉन बांधणाऱ्यांनी किंवा मोनालिसा काढणाऱ्याने हे गुणोत्तर योजलं होतं असंही कुठे लिहिलेलं नाही. लिओनार्दो दा विंचीने लुका पाचोलीच्या 1509 मधल्या 'दैवी प्रमाणा'वरच्या पुस्तकासाठी आकृत्या काढून दिल्या हे खरं, पण त्यावरून त्याच्या प्रत्येक चित्रावर चौकट ठेवून मोजायचा जो उद्योग चालतो तो मला पत्रिका जुळवण्यातला वाटतो. लेकीने टी-शर्ट घ्यायचं नाकारलं. सतरा युरो वाचले.

शेवटच्या दिवशी गाडी भाड्याने घेऊन पिसाच्या डोंगराळ भागाकडे निघालो आणि एका वळणावर सूर्यफुलांचं शेत लागलं. जुलैचा शेवटचा आठवडा. पाकळ्या सुकलेल्या, माना खाली घातलेल्या, बी भरलेलं. फोटोला कामाचं नाही, पण मोजायला उत्तम. शेतकऱ्याला खुणेने विचारलं, त्याने खांदे उडवून कडेची दोन फुलं तोडून दिली.

इथे मला आमच्या मँचेस्टरची गोष्ट सांगायलाच हवी. ॲलन ट्युरिंग, ज्याने युद्धात जर्मनांच्या गुप्त संदेशांवर काम केलं आणि संगणकाचा पाया घातला, तो आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत मँचेस्टर विद्यापीठात सूर्यफुलाच्या बियांच्या याच रांगांमागे लागला होता. 1954 मध्ये तो गेला आणि काम अपुरं राहिलं. त्याच्या जन्मशताब्दीला, 2012 मध्ये, इथल्या विज्ञान संग्रहालयाने लोकांना सूर्यफुलं लावून मोजायला सांगितलं. आमच्या गल्लीतल्यांनीही लावली होती, तेव्हा लेक पाळण्यात होती. 657 फुलांची माहिती जमली आणि 2016 मध्ये प्रसिद्ध झाली. बहुतेक आकडे फिबोनाचीचेच निघाले, पण सगळे नव्हेत. काही फुलं दुसऱ्याच मालिका पाळत होती, आणि काहींत आकडा एकाने कमी पडत होता. त्या अभ्यासाचं मोल मला यातच वाटतं की न जुळलेली फुलंही त्यांनी टाकून दिली नाहीत.

गाडीच्या बॉनेटवर पहिलं फूल ठेवलं. दर पाचव्या रांगेला टाचणी टोचत लेकीने मोजलं आणि आजीने बोटाच्या पेरांवर हिशेब ठेवला. 55 आणि 34. दोघींनी एकमेकींना टाळी दिली. दुसरं फूल घेतलं. 55. आणि उलट दिशेने 33. पुन्हा मोजलं, 33. तिसऱ्यांदा आईने मोजलं, माझ्या हातात टाचण्या देऊन. 33.

"लिही की चौतीस," आई म्हणाली. "एखादी रांग मधेच संपली असेल. एकाने काय होतंय?"

लेकीने वहीत 33 लिहिलं. मग मान वर न करता म्हणाली, "आजी, एक मात्रा कमी पडली तर तू मार्क्स कट करायचीस ना?"

आई एकदम हसली. मग तिने वही ओढून घेतली, तो आकडा नीट दिसतोय ना हे पाहिलं, आणि त्याच्याखाली मराठीत ३३ असं पुन्हा लिहिलं. नवरा गाडी चालू करून वाट पाहत होता. मागच्या सीटवर दोघींच्या मध्ये ते फूल ठेवलं होतं, आणि आई तिला आर्येच्या पहिल्या चरणात बारा मात्रा आणि दुसऱ्यात अठरा का असतात ते सांगू लागली होती.